पट्ट्याला हो कोण म्हणालं

१

दत्तप्रसाद रेगे खुर्चीत मेले, आणि मेल्यावरही खुर्चीतच राहिले, कारण तिच्यातून उठायची सोयच ठेवलेली नव्हती.

मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकपासून जवळच, म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे. नाव एका झाडावरून ठेवलेलं. अशा होमांची नावं झाडांवरून नाहीतर नद्यांवरून असतात. पट्ट्यावरून कुणी ठेवत नाही. जानेवारीतली दुपार होती. जेवणाच्या हॉलमध्ये टीव्हीवर टेस्ट मॅच चालली होती. रेग्यांना मागे रेललेल्या मोठ्या खुर्चीत बसवलं होतं, पोटावरून पट्टा, आणि बक्कल पाठीमागे, म्हणजे हात पोचू नये. ते खाली घसरले. पट्टा पोटावरून छातीवर आला, छातीवरून गळ्याशी. हॉलमध्ये माणसं होती. कुणी पाहिलं नाही. ताटाची ट्रॉली ढकलत आलेल्या बाईने "लंच, मिस्टर रेगे" म्हटलं, उत्तर आलं नाही, म्हणून तिने वाकून बघितलं.

त्यांची मुलगी लीना दावा लावायला वकिलाकडे गेली. वकील मिहिर, फूट्सक्रेमध्ये दोन खोल्यांचं ऑफिस, माणूस सरळ. त्याने होमला पत्र टाकलं आणि होमचं उत्तर आलं. उत्तर इतकं सभ्य होतं की वाचताना डोकं भणभणावं. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. मात्र पट्टा लावायला कायद्याने ज्या व्यक्तीची संमती लागते तिची संमती घेतलेली होती. त्यामुळे आमच्यावर दावा लागत नाही.

लीनाला वाटलं, हे काहीतरी दडपून खोटं ठोकून दिलंय. मिहिरने सांगितलं, नाही, कायदाच तसा आहे. होममधल्या माणसाला बांधायचं, कोंडायचं किंवा औषधाने गुंगवायचं असेल तर हक्काच्या माणसाची संमती घ्यायची. ती घेतली आणि नियम पाळले, की होमला संरक्षण. दिवाणी दावा नाही, फौजदारी नाही. मृत्यूची सरकारी चौकशी करणारा कॉरोनर यथावकाश सांगेल की रेगे कशाने मेले. उत्तर कुणी द्यायचं, हे तो सांगत नाही.

"पण मी संमती दिलीच नाही," लीना म्हणाली.

संमती देणाऱ्याने नाव उघड करू नका असं होमला सांगितलं होतं. होमच्या वकिलाने फोनवर एवढंच कळवलं की व्यक्ती कुटुंबातली आहे.

लीनाने होमचं पत्र उलटं करून ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे दादा."

मिहिरने सुखदाला बोलावलं.

२

सुखदा या देशात अकाउंटिंग शिकायला आली आणि अकाउंटिंग सोडून सगळं शिकली. विमा कंपनीसाठी खोटे क्लेम पकडता पकडता ती माणसांची पारखी झाली, आता वकिलांसाठी चौकशा करते. तिच्या जिभेला हाड नाही, हे मिहिरला माहीत होतं. म्हणूनच तो तिला बोलवायचा. त्याने तिला काम नेमकं सांगितलं: संमती कुणाची ते शोध. चुकीच्या माणसाची असेल, किंवा दुसरा उपाय असताना पट्टा लावला असेल, तर संरक्षणाला तडा जातो. नाहीतर लीनाने घरी जाऊन रडावं, बाकी काही करता येणार नाही.

लीनाच्या पॉइंट कुकच्या घरी एसी घरघरत होता, तरी उकडत होतं. लीना फार्मसिस्ट. तिने सगळं एका दमात सांगितलं, जणू गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतेय. बाबांना विसरायला व्हायला लागलं, आईला गुडघ्यांमुळे वॉकर, दोघांचं घरी करणं झेपेना, म्हणून दोघांना एकाच होममध्ये, शेजारशेजारच्या खोल्यांत ठेवलं. दादा, म्हणजे शैलेंद्र, कालगुर्लीच्या खाणीत इंजिनीअर, देशाच्या दुसऱ्या टोकाला. यायचा तेव्हा फळं घेऊन यायचा आणि फोटो काढून जायचा.

मग तिने तिची थिअरी मांडली, आणि ती सुखदाला एकदम पटली. बाबा हाताने जेवायचे. जेवण झालं की खरकटा हात असा वर धरून उठायचे, आचवायला. टिश्यूने हात पुसणं त्यांना किळसवाणं वाटायचं. वाटेत कुणी धरायला आलं तर कोपराने दूर सारायचे, खरकटा हात लागू नये म्हणून. "या लोकांना वाटलं म्हातारा हात उगारतोय. अग्रेसिव्ह म्हणून शिक्का मारला आणि बांधलं. माझा बाप हात धुवायला उठत होता, सुखदा. त्यासाठी मेला."

सुखदाच्या मनात आलं, एवढा मोठा देश, आणि एका म्हाताऱ्याला नळ कुठाय ते कुणी दाखवलं नाही.

खोलीच्या कोपऱ्यात चित्रलेखाबाई बसल्या होत्या. लीनाची आई. नवरा गेल्यावर लीनाने त्यांना घरी आणलं होतं. बारीक, गोऱ्या, केस नीट विंचरलेले. बाहेर चाळीस डिग्री, आणि बाईंच्या अंगात मनगटापर्यंत लोकरीचं जॅकेट. सुखदाने विचारलं, काकू, उकडत नाही का. उत्तर लीनाने दिलं: आईला हल्ली थंडी वाजते, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत ना, नुसता स्पर्श झाला तरी निळं पडतं. चित्रलेखाबाई हसल्या. हसणं ओठांपुरतं होतं.

आईला यातलं काही माहीत नाही, लीना म्हणाली. इंग्रजी येत नाही, आणि बाबांना विचारल्याशिवाय तिने आयुष्यात साडी घेतलेली नाही. त्या दिवशी तर दार लावून बसली होती बिचारी. लीना होमवर पोचली तेव्हा आईच्या खोलीचं दार उघडेना. आतून वॉकर आडवा लावलेला, खांद्याने ढकलून आत जावं लागलं. आई पलंगाच्या पलीकडे जमिनीवर बसलेली.

"कुणीतरी तिला सांगितलं असणार ना, बाबा गेले म्हणून. एकटीने रडावंसं वाटलं असेल. इथे तर सताड दार उघडं टाकून झोपते," लीना म्हणाली, आणि कॉफी करायला उठली.

सुखदा चित्रलेखाबाईंकडे बघत होती. बाई लीनाकडे बघत होत्या, आणि नाही अशी मान हलवत होत्या. अगदी बारीक. सुखदाचं लक्ष गेलं तशी मान थांबली.

३

शैलेंद्रने व्हिडिओ कॉल त्याच्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, घेतला. शिफ्ट नुकतीच संपली होती, कॉलरवर लाल धूळ. पहिलं वाक्यच लढाईचं होतं: लीनाने पाठवलंय ना तुला, मग तिलाच विचार, होमपासून दहा मिनिटांवर कोण राहतं.

त्याचं म्हणणं असं: त्याने संमती दिली नाही. असलं काही असतं तर होमने त्यालाच विचारलं असतं, कारण मोठा मुलगा तो, होमच्या कागदावर पहिला फोन नंबर त्याचा, बिलं तो भरतो. त्याला विचारल्याशिवाय तिथे पडदासुद्धा बदलत नाहीत.

सुखदाला माणसाची ही जात ओळखीची होती. दोन हजार किलोमीटरवरून आईबापांचा कर्ता. इथला कायदा मोठ्या मुलाला ओळखत नाही. नवरा आजारी असेल तर आधी बायकोला विचारतो, बायको आजारी असेल तर नवऱ्याला. मुलं त्यानंतर. पण हे रेग्यांच्या घरात कुणाच्या मनालाही शिवलेलं नव्हतं. तिने त्याला आत्ता ते सांगितलं नाही. बोलू दिलं.

"पडदे जाऊ देत," ती म्हणाली. "मोठं असं काही कधी विचारलं का?"

"एकदा. दिवाळीच्या सुमारास. आईला दुसऱ्या विंगमध्ये हलवायचं का म्हणून. मी स्ट्रेट सांगितलं, नो वे. इन अवर कल्चर नवरा-बायकोला असं वेगळं काढत नाहीत. पन्नास वर्षांचा संसार आहे. मॅनेजर बाई एकदम सॉरीच म्हणाली. कल्चरल नीड्स म्हणून नोंदवूनही घेतलं तिने." त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"पट्टा कधी सुरू झाला?"

त्याने विचार केला. लीना ख्रिसमसला गेली तेव्हा पट्टा नव्हता, असं तो म्हणाला. मग सावकाश: "म्हणजे त्यानंतर."

"आणि आईला हलवायची कल्पना कुणाची?"

"त्यांचीच असणार. स्टाफची."

"शैलेंद्र, होमवाले स्वतःहून कुणाला खोली बदलून देत नाहीत. खोली बदलणं म्हणजे काम. कुणीतरी मागितली असेल. लीनाने मला सगळं सांगितलं, त्यात हे नव्हतं. मग कुणी मागितली?"

यूटमधला माणूस काचेबाहेर बघायला लागला. मग त्याने विचारलं, आई तिथे तुझ्यासमोर आहे का. सुखदा नाही म्हणाली.

"तिला यात ओढू नकोस," तो म्हणाला, आणि कॉल कापला.

४

होमची मॅनेजर डेब्रा भेटायला तयार झाली, कारण न भेटणं वाईट दिसतं. पण तोंडात तिने वकिलाने शिकवलेली चारच वाक्यं ठेवली होती आणि ती आलटून पालटून वापरत होती. सुखदाने संमतीबद्दल काही विचारलंच नाही. ती म्हणाली, एवढंच सांगा, मिसेस रेग्यांना नवरा गेल्याचं कुणी सांगितलं, आणि किती हळुवारपणे. घरच्यांना तेवढंच समाधान.

इथे डेब्रा फसली. हळुवारपणा हा तिच्या होमचा अभिमान होता. ती म्हणाली, आम्ही सांगितलंच नाही. मराठी दुभाषी फोनवर मिळेना, आणि असली बातमी खाणाखुणांनी द्यायची नाही, असं तिनेच ठरवलं. मुलीची वाट पाहिली. लीना आत जाईपर्यंत मिसेस रेग्यांकडे कुणीही गेलेलं नव्हतं. त्या जेवण अर्धं टाकून खोलीत गेल्या होत्या, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सुखदाने तिचे मनापासून आभार मानले. बातमी कुणी दिली नव्हती. मग वॉकर कशासाठी लावला होता?

हॉलमध्ये जेवणाची तयारी चालली होती. खिडकीशी नोएल बसला होता, विल्यम्सटाउनच्या गोदीत आयुष्य काढलेला, दात नाहीत पण जीभ शाबूत. रेग्यांचं नाव काढताच त्याने सुखदाला खुर्ची दाखवली.

"तू वकील आहेस की पोलीस?"

"दोन्ही नाही."

"मग बस. पोलीस असतीस तर सांगितलं नसतं. सवय आहे."

नोएलला मॅच बघायची असायची आणि टीव्हीच्या रेषेत रेगे यायचे, म्हणून तो त्यांच्यावर रोज चिडलेला असायचा. रेगे उठून फिरायचे. सुखदाने विचारलं, जेवण झाल्यावर ना, हात धुवायला. नोएलने तिच्याकडे अशी नजर टाकली जशी चुकीच्या घोड्यावर पैसे लावणाऱ्याकडे टाकतात. जेवणानंतर कुठला उठतो तो, तो म्हणाला. जेवणानंतर घोरायचा. उठायचा ताटं यायच्या आधी. स्वच्छ, कोरडे हात. आणि थेट बायकोच्या टेबलाशी.

"तिथे जाऊन?"

नोएलने टीव्हीकडे बोट केलं. "मी तेव्हा मॅच बघायचो, लव्ह," तो म्हणाला. "सगळेच मॅच बघायचे."

मग त्याने आपणहून सांगितलं की पट्टा आल्यापासून ती बाई बदलली. आधी तिचं ताट थंड व्हायचं, नवऱ्याचं होईपर्यंत घासाला हात लावायची नाही. पट्टा लागल्यावर तिने जागा बदलून घेतली, नवऱ्याच्या पाठीमागच्या टेबलावर, आणि ट्रॉली आली की सगळ्यात आधी जेवायला लागली. मान न वळवता, समोर त्याच्या टाळक्याकडे बघत. "भूक लागलेल्या पोरीसारखी जेवायची. मला बरं वाटायचं. आता तू बघ, मला बरं वाटायचं म्हणून मी नरकात जाणार असेन तर जाऊ दे."

५

पार्किंगमध्ये सुखदा गाडीत बसून राहिली. किल्ली फिरवावी असं वाटेना.

लीनाची थिअरी गेली होती. खरकटा हात नाही, नळ नाही, गोऱ्यांना न कळलेली रीत नाही. ते कारण किती सोयीचं होतं. परक्या देशाने आपला म्हातारा समजून घेतला नाही, हे म्हणायला आपल्याला फार आवडतं. त्यात आपण कुठेच नसतो.

तिने सगळं पुन्हा एकदा मनात लावून पाहिलं. चित्रलेखाबाईंच्या पिढीतली बाई नवऱ्याच्या आधी घास घेत नाही. ती घ्यायला लागली, म्हणजे तिच्यावरचा एखादा पहारा उठला. नवऱ्याच्या पाठीमागे, फक्त त्याचं टाळकं दिसेल असं बसणारं माणूस प्रेमाने बसत नाही. नजर ठेवायला बसतं. चाळीस डिग्रीत लांब बाह्यांचं जॅकेट थंडीसाठी नसतं. आणि मरणाची बातमी मिळण्याआधी दाराला वॉकर लावणारी बाई दुःखाने लपलेली नाही. ती कुणीतरी येईल म्हणून लपली. लीनाच्या घरी ती दार उघडं टाकते, कारण येणारा आता जिवंत नाही.

वेगळी खोली तिने मागितली. होमने ती कुणाला विचारून नाकारली? मुलाला. आणि खोली नाकारल्यावर पट्ट्यासाठी सही हवी होती, तेव्हा कुणाकडे गेले? कायद्यात पहिला हक्क जिचा, तिच्याकडे.

सोय मुलाला विचारली, संमती बाईला. ज्याच्याकडून हवं ते उत्तर मिळेल, त्याला ते विचारलं. याला होमच्या भाषेत केअर म्हणतात.

सुखदाला कोडं सुटल्याचा आनंद व्हायचा नेहमी. आज झाला नाही. उलट तिला कळलं की हे सुटणंच वाईट आहे. पट्ट्याआधी दुसरा उपाय होता, आणि तो न वापरता पट्टा लावला; हे सिद्ध झालं तर होमचं संरक्षण तुटेल. लीना जिंकू शकते. फक्त ते सिद्ध करायला एकच साक्षीदार आहे, आणि तिला कोर्टात सांगावं लागेल की खोली का मागितली.

६

शैलेंद्र आला, पर्थला विमान बदलून. लीनाच्या घरी चौघंच बसले: दोन मुलं, आई आणि सुखदा. बापाचा फोटो टीव्हीशेजारी, हार ताजा. सुखदाने लांबण लावली नाही. गाडीत जसं लावलं होतं तसंच, एकेक करून, चित्रलेखाबाईंकडे बघत सांगितलं. अध्येमध्ये थांबून विचारलं, काकू, चुकत असेन तर सांगा. त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

लीना मध्येच म्हणाली, ते डाग गोळ्यांचे आहेत, मी फार्मसिस्ट आहे, मला कळतं. चित्रलेखाबाईंनी जॅकेटची बाही वर सरकवली. दंडावर जुने पिवळे डाग होते, चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. बोटांचे. लीना बघत राहिली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"मी वेगळी खोली मागितली," चित्रलेखाबाई म्हणाल्या. आवाज साधा होता, भाजी आणायला सांगावी तसा. "फोनवर एक मराठी बाई होती, ती त्यांना इंग्रजीत सांगायची. म्हटलं, हे सगळं विसरलेत. मला ओळखत नाहीत. हात तेवढा विसरले नाहीत. मला कुठेतरी दुसरीकडे ठेवा. त्या म्हणाल्या मुलाला विचारतो. मुलगा नको म्हणाला. मग परत आल्या. म्हणाल्या, यांना जेवणाच्या वेळी खुर्चीत बसवून ठेवू, पडायचे नाहीत, तुम्हीही नीट जेवाल, तुम्ही हो म्हणायचं. मी हो म्हटलं. पन्नास वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं ते हे."

नाव सांगू नका असंही तिनेच सांगितलं होतं. मुलांना काय वाटेल, म्हणून.

"त्या दिवशी काय झालं, आई?" शैलेंद्रने विचारलं. तो फरशीकडे बघत होता.

"मी जेवत होते. यांचं डोकं दिसत होतं. घास घेतला, वर बघितलं, तर डोकं दिसेना. मला वाटलं सुटले."

बस, एवढंच. सुटले वाटलं, म्हणून घास टाकला, वॉकर घेऊन जेवढं पळता येईल तेवढी पळाली, दाराला वॉकर लावला आणि पलंगाआड बसली. पलीकडे माणूस पट्ट्यात लटकून श्वासासाठी धडपडत होता, आणि त्याची बायको त्याच्या पावलांची वाट बघत होती. हाक मारली असती तर वाचला असता का? कुणाला ठाऊक. हाक मारायची सवय तिला कुणी ठेवली नव्हती.

"यांना बांधायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मला दार द्यायला हवं होतं. ते वाईट होते, पण असं मरायला नको होतं कुणी. मी रोज बघते ते डोकं खाली जाताना."

शैलेंद्र उठला, खिडकीशी गेला. पाठ करूनच बोलला, आणि त्याचं बोलणं समजूतदारच होतं, म्हणूनच जास्त वाईट होतं. झालं ते झालं. बाबा आता नाहीत. कोर्टात हे निघालं तर पेपरात येईल, मराठी मंडळात लोक काय म्हणतील, बाबांनी तिथे पाच वर्षं गणपतीची पूजा सांगितली. आईला या वयात कशाला उभी करायची. केस सोडून देऊ. होम तर होम, देव बघेल त्यांना.

"मी मार खायचे तेव्हा तुम्हाला ऐकू यायचं," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "तेव्हा लाज नाही वाटली. आता मी बोलणार म्हटल्यावर वाटते होय?"

त्यावर लीना बोलली. फार खालच्या आवाजात. ती सहावी-सातवीत असेल. आतून आवाज यायला लागला की दादा उठून मोरीतला नळ सोडायचा, खाली बादली ठेवायची नाही. पाणी फरशीवर पडलं की जास्त आवाज होतो. दोघं नळाशी बसून अभ्यास करायची. परीक्षेत मार्कं चांगली पडायची.

खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचे खांदे हलायला लागले.

सुखदा उठली. यापुढचं तिचं काम नव्हतं. तिने एवढंच सांगितलं की शुक्रवारी मिहिरला उत्तर हवंय, हो किंवा नाही.

७

शुक्रवारी लीना आली ती आईला घेऊन. शैलेंद्र कालगुर्लीला परत गेला होता. जाताना आईच्या पाया पडला.

मिहिरने चित्रलेखाबाईंना खुर्ची पुढे ओढून दिली, पाणी दिलं आणि नीट सगळं सांगितलं. होमवर दावा लागू शकतो. अवघड आहे, पण लागू शकतो. दुसरा उपाय होता, त्यांनी तो सोडला. मात्र होमचे वकील काकूंनाच धारेवर धरतील. म्हणतील, हो तुम्हीच म्हणालात. म्हणतील, तुम्हाला तो मेलेला हवा होता. म्हणतील, तुम्ही बघितलंत आणि निघून गेलात. हे सगळं ऐकावं लागेल, दुभाष्यामार्फत दोनदा, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि यांच्यावर? मला ज्यांनी मारलं त्यांच्यावर काही लागतं का?"

"ते गेले, काकू. आता नाही लागत."

"आणि ज्यांनी मला वेगळी खोली मिळू दिली नाही, त्यांच्यावर?"

मिहिर लीनाकडे बघेना. मुलांवर दावा होत नाही, तो म्हणाला. फोनवर नाही म्हणणं हा गुन्हा नाही. तसा कायदा नाही.

"म्हणजे होमला आहे तसं त्यांनाही संरक्षण आहे," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "फक्त त्यांना कुणाची संमती घ्यावी लागली नाही."

सुखदा दाराशी उभी होती. तिला वाटलं आता बाई उठतील आणि जातील. गेल्या असत्या तर तिने दोष दिला नसता. सत्तरी उलटलेल्या बाईने परक्या देशाच्या कोर्टात उभं राहून, ज्याचं कुणालाच काही पडलं नव्हतं ते सांगायचं, आणि समोर कोण, तर एका होमची विमा कंपनी. कशासाठी?

पण बाईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"दुसऱ्या कुणा बाईने वेगळी खोली मागितली, तर तिला ती मिळेल का? हे सांगितल्यावर?"

मिहिर खोटं बोलला असता तर सोपं होतं. "माहीत नाही," तो म्हणाला. "मागणाऱ्या बाईलाच विचारायला हवं होतं, एवढं निदान कोर्टाच्या तोंडून निघेल. जिंकलो तर."

"बरं." त्यांनी पदर सारखा केला. "घे लिहून."

लीना हलली. मिहिरने तिला सांगितलं, तुला बाहेर बसायचं असेल तर बस, कॉफी मशीन आहे तिकडे, ऐकलंच पाहिजे असं नाही. लीनाने पर्स मांडीवर घेतली. आईकडे बघितलं. उठली नाही.

"पहिल्यांदा हात उचलला," चित्रलेखाबाई म्हणाल्या, "तेव्हा शैलेंद्र पोटात होता."